न मोजणारी मंजुळाबाई

पिशोरहून शहरात राहायला आली आणि आठवड्याच्या आत मंजुळाबाईनं मुकुंदवाडीतल्या आख्ख्या गल्लीची चौकशी उरकून टाकली. कुणाच्या घरी पाणी कधी येतं, कुणाची सून कुठल्या गावची, शेजारच्या टेलरची शिलाई मशीन दुपारी दोनला बंद का होते. (तो झोपतो.) आठव्या दिवशी विचारायला कुणी उरलं नाही आणि बाईला खरंखुरं आजारी वाटायला लागलं. भूक नाही, झोप नाही. मुलगा सोमनाथ शेंद्र्याला कारखान्यात. तो घाबरला, डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरनं तपासलं, काही निघालं नाही; ताकदीचं औषध लिहून दिलं. निघायच्या आधी बाईनं मात्र डॉक्टरला विचारून घेतलं की ते कानात नळ्या घालून ऐकता, ते तुमचं तुम्हालापण ऐकू येतं का. तेवढ्यावर ती दोन दिवस बरी होती.

साठीला टेकलेली बाई. जन्म मेंढरांमागं गेला. बापामागं, मग नवऱ्यामागं, मग एकटी. नवरा गेला तरी चार-पाच वर्षं तिनं कळप ओढला. पण रानं गेली. जिथं चरायचं तिथं तारेची कुंपणं आली, आणि मेंढरू तारेतून तोंड घालतं तर मालक काठी घेऊन धावतो; गावची जमीन गिळणाऱ्यावर मात्र कुणी धावत नाही. असो. मेंढरं विकली आणि माय लेकाच्या दोन खोल्यांत आली. आता डोळ्यांना काय काम? समोर भिंत. भिंतीवर कॅलेंडर. त्याची पानं तर वर्षाला बाराच.

नोकरी मिळाली ती भांडणातून. बीड बायपासला ती भाजी घ्यायला उभी होती. समोरच्या शाळेच्या गेटातून पिवळी बस निघाली आणि दारात एका पोराच्या दप्तराचा पट्टा अडकलेला फक्त हिला दिसला. बाई रस्त्यात आडवी झाली. ड्रायव्हर फकिराभाऊ खिडकीतून ओरडला, "ओ मावशी, मरना है क्या?"

"मी मरती का तू मारतो ते मागनं ठरवू! आधी दार उघड, आंधळ्या!"

गेटवर शाळेच्या मुख्याध्यापिका श्रेया मॅडम उभ्या होत्या. बसवर मुलांना सांभाळणारी बाई त्यांना हवीच होती. त्यांनी मंजुळाबाईला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "सहा महिने बघू. जमलं तर पक्कं."

बाई जूनपासून बसवर उभी राहिली आणि तिला पुन्हा भूक लागायला लागली. त्रेचाळीस पोरं! प्रत्येकाच्या घरात एक आख्खं जग, आणि प्रत्येक जण ते सांगायला उतावळा. बाई विचारायचीपण तसंच. तुझ्या मांजरीनं पिलं कुठं घातली? आजोबाचा चष्मा सापडला का? बाप रात्रपाळीवरून आला का? आज उत्तर मिळालं नाही तर उद्या परत. पंधरा दिवसांत तिला पोरांच्या आयांना ठाऊक नसलेल्या गोष्टी ठाऊक झाल्या.

एकच घोटाळा होता. बाई मोजायची नाही.

मोजता यायचं नाही असं नाही. तिसरीपर्यंत शिकलेली, शंभरपर्यंत खणखणीत. पण तिचा बाप मुंजाबा सांगून गेलेला: जित्राबावर आकडा घालायचा नाही. आकडा तोंडातून निघाला की कळपाला नजर लागते. मेंढरं संध्याकाळी आत घेताना दारात उभं राहायचं आणि बघायचं. भोरी आली? कानतुटकी आली? ती कायम मागं राहणारी आळशी आली? सगळी बघून झाली की पोटातून आपोआप कळतं, भरलं म्हणून. एखादी नसली तर पोट खाली राहतं. तालुक्याचे साहेब जनावरं मोजायला यायचे तेव्हा मुंजाबा त्यांना चहा द्यायचा आणि म्हणायचा, "तुम्हीच मोजा साहेब, मी तिकडं तोंड करून बसतो."

आणि शाळेच्या बसमध्ये रोजचा एक फॉर्म असतो. त्यात रकाना: मुलांची संख्या. मंजुळाबाई त्यात रोज लिहायची, "सगळे हायत."

हा फॉर्म जायचा सुदर्शन सरांकडे. शाळेच्या सगळ्या बसगाड्यांचा कारभार त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता, फक्त आकड्याबाहेर त्याला काही दिसायचं नाही. पेनाचं टोपण कोणत्या खिशात, हेसुद्धा त्यांचं ठरलेलं.

"बाई, हे काय लिहिलंय?"

"सगळे हायत म्हणून लिवलंय. का, नव्हते?"

"होते. पण किती होते?"

"जितके होते तितके सगळे."

"आकडा लिहा, आकडा!"

"आमच्यात लिवत नसत्यात, सर."

"तुमच्यात म्हणजे? ही मेंढरं आहेत का?"

"मेंढरं गरीब असत्यात. ही लई बाराची हायत."

सरांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच त्रेचाळीस लिहून सही ठोकली. हे रोज. जुलै गेला, ऑगस्ट गेला.

सप्टेंबरात शाळेनं बसच्या लोकांसाठी एक दुपार ठेवली. शिकवायला आलेल्या तनुजाताई. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. कुतूहल असलं की डोक्यात काय घडतं आणि लक्ष म्हणजे नेमकं काय, यावर त्यांचा अभ्यास चालू. त्यांची मुलगी प्रेरणा दुसरीत, मंजुळाबाईच्याच बसमध्ये, त्यामुळे बाईला तनुजाताईंच्या घरच्या कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं माहीत.

तनुजाताईंनी पडद्यावर एक फिल्म लावली. कॉलेजची पोरं मैदानावर चेंडू फेकतायत. "पांढऱ्या शर्टवाल्यांनी चेंडू किती वेळा झेलला, तेवढंच मोजायचं. बोलायचं नाही."

सगळे पुढं वाकले. सुदर्शन सर तर बोटांवर मोजत होते. फिल्म संपली.

"एकवीस!" सर म्हणाले.

"बरोबर. एकवीसच. आणखी काही दिसलं?"

कुणाला काही दिसलं नव्हतं. मागून मंजुळाबाई म्हणाली, "ती शेळी कुणाची हाय?"

हॉल हसायला लागला. फकिराभाऊ तर मांडीवर थाप मारून, "मावशी को सपने में भी बकरी दिखती!" सरही हसले. त्यांचं हसणं जरा जास्तच मोकळं होतं.

"दात काय काढता? येवढी धडधडीत मधनं गेली. अन गाभण हाय ती. अशी मोकळी सोडत्यात व्हय गाभण शेळी, चेंडू पोटाला लागला मंजी?"

तनुजाताई हसत नव्हत्या. त्यांनी फिल्म परत लावली. पोरं चेंडू फेकतायत आणि मधोमध, अगदी निवांत, एक काळी शेळी चालत येते, थांबते, तुमच्याकडं बघते आणि निघून जाते. पोट टम्म.

सरांनी पेनाचं टोपण एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलं.

"यात कुणी मूर्ख ठरत नाही," तनुजाताई म्हणाल्या. "लक्ष म्हणजे बॅटरीचा झोत. मोजायला बसलं की झोत बारीक होतो. आकडा बरोबर येतो, पण झोताबाहेर अंधार. डोळ्यांना शेळी दिसते, पण मेंदू तिला आत घेत नाही."

मग त्यांनी कुतूहलाचं सांगितलं. काहीतरी गोड खायला मिळणार म्हटल्यावर मेंदूत जी यंत्रणा जागी होते, तीच काहीतरी कळणार म्हटल्यावरही जागी होते. कळण्याची भूक ही नुसती बोलायची गोष्ट नाही. आणि गंमत अशी, की एखाद्या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत असताना मध्येच अनोळखी चेहरा दाखवला, तर तो चेहराही जास्त चांगला लक्षात राहतो. त्याचा त्या प्रश्नाशी काही संबंध नसताना.

"म्हंजी," मंजुळाबाईनं लगेच पकडलं, "जेवायला बोलवलं एका पाव्हण्याला, अन त्याच्या मागं आख्खी वस्ती जेवून गेली."

"अगदी तसंच, मावशी."

"तरीच मला डॉक्टरचं औषध लागू पडलं नाय. मी उपाशी होते."

एवढं झाल्यावर बाईला वाटलं, आता फॉर्मचं भांडण मिटलं. मिटतंय कशाला? अपमान झालेला हुशार माणूस नियमाचं पुस्तक उघडतो. सर श्रेया मॅडमकडे गेले. मॅडमनी बाईला बोलावलं आणि समजुतीनं सांगितलं, "मावशी, तुमची नजर मला मान्य आहे. पण तपासणीला माणसं येतात, त्यांना आकडा लागतो. डिसेंबरात पैठणची सहल आहे आणि तुमचे सहा महिनेही तेव्हाच संपतायत. सहलीत नीट मोजून आकडा द्या, मी तुम्हाला पक्कं करते. नाही दिलात तर माझा नाइलाज आहे."

नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा बाई एकही प्रश्न न विचारता घरी गेली. सोमनाथनं बघितलं आणि ताट वाढता वाढता म्हणाला, "माय, मोज की मंग. त्रेचाळीस आकडे तर हायत."

"तुह्या आज्यानं कधी मोजलं नाय."

"आज्याच्या मेंढरांचे बाप मोबाइलवर तक्रार करत नव्हते." तो हसला, मग जवळ बसला. "माय, तू परत त्या कॅलेंडरपुढं बसलेली मला बघवायची नाय."

तिलाही बघवणार नव्हतं. ती भिंत तिला आठवली. "बरं. मोजीन," ती म्हणाली. बापाची मनातल्या मनात माफी मागितली.

सहलीला शाळेनं पोरांना पिवळ्या टोप्या दिल्या. कुठंही उठून दिसाव्यात म्हणून. सोबत सुदर्शन सर, फकिराभाऊ, मंजुळाबाई आणि पालकांतर्फे तनुजाताई. निघतानाच प्रेरणानं बाईला आपला दात दाखवला. एका धाग्यावर लोंबत होता. "मावशी, घरी जाईपर्यंत पडतो का बघा."

"पडल्याबरूबर मला पयलं दाखवायचा."

नाथसागराचं पाणी बघून झालं, डबे खाऊन झाले. शेवटी पैठणी विणतात ते ठिकाण. तिथं करमाडच्या जिल्हा परिषद शाळेचीही पोरं आलेली. आणि त्यांच्याही डोक्यावर पिवळ्या टोप्या. टोप्या विकणारा बहुतेक एकच असावा.

चार वाजता निघायची वेळ झाली. सर बसच्या पायरीशी फॉर्म घेऊन उभे. "चला बाई. मोजा."

मंजुळाबाई पुढून निघाली. डोक्यावर हात, आकडा. एक. दोन. तीन. जीभ जड झाली होती, पण चौथ्या-पाचव्याला सैल पडली. टोपी, आकडा, टोपी, आकडा. चुकायचं नाही, एवढंच डोक्यात. बावीस. तेवीस. एका पोरीनं काही विचारलं, तर बाई आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणाली, "गप, आत्ता नको." त्रेचाळीस!

"त्रेचाळीस!" सरांनीही मागून मोजलं होतं. फॉर्मवर आकडा पडला. सरांनी चक्क हात पुढं केला आणि बाईनं तो मिळवला. पुढच्या सीटवर तनुजाताईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, "सर्व मुलं सुखरूप निघाली," आणि सोबत पैठणीवरच्या मोराचा फोटो.

बस पिंपळवाडीच्या पुढं आली. नोकरी पक्की झाली होती, आणि बाईला काही गोड लागेना. पोट खाली राहिलं होतं. मोजल्यामुळं असेल, ती स्वतःला म्हणाली, सवय नाय. मग तिला आठवलं, अरे, दाताचं काय झालं? विचारायचंच राहिलं. ती उठून मधल्या बाकाशी, प्रेरणाच्या जागेशी गेली.

पिवळ्या टोपीखाली एक पोरगी बसली होती. दात सगळे जागच्या जागी.

"तू कोण गं?"

"सोनिया."

"कुठली?"

"करमाडची."

बाईच्या पायाखालची बस निघून गेल्यासारखी झाली. "हितं काय करती, माझे माय?"

"ही सीट मागं जाते का बघायला चढले होते."

"मंग?"

"जाते."

"मंग उतरली काऊन नाय?"

पोरगी रडवेली झाली. "तुम्हीच तर डोक्यावर हात ठेवून बावीस म्हणले. मला वाटलं, आता बसायचंच असतंय. मी विचारलं, तर गप म्हणले."

"फकिरा! गाडी थांबव! थांबव म्हणते ना!"

ब्रेक लागला. सर धावत आले. "काय झालं? त्रेचाळीस आहेत, मी स्वतः—"

"त्रेचाळीस हायत, सर. प्रेरणा नाय."

तनुजाताई वळल्या. आख्ख्या वाटेत मागं न बघितलेली ती आई, लक्षाचा अभ्यास असलेली. हातातला फोन खाली पडला आणि तो उचलायचंही तिला सुचलं नाही.

सरांनी पैठणी केंद्रात फोन लावला. पलीकडं करमाडच्या शिक्षिका सत्यशीलाबाई आल्या आणि ठामपणे म्हणाल्या, "आमचे अठ्ठावीस आहेत. पूर्ण. आत्ताच मोजले. इथं जास्तीचं कुणी नाही."

मग पोरगी कुठं? सगळ्यांच्या मनात एकच आलं. दुपारी बघितलेलं ते अफाट पाणी. फकिराभाऊनं गाडी वळवली.

मंजुळाबाईनं तनुजाताईंचा हात धरला. पण तिच्या डोक्यात गणित उलटं चाललं होतं. "सर, त्यांची एक पोरगी तर माझ्यापुढं बसलीय. तरी त्यांचे अठ्ठावीस भरत्यात. कसे भरत्यात?"

सरांनी बोटांवर आकडे जुळवून बघितले. आकड्यांचा माणूस, त्यांना ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं. "म्हणजे... त्यांच्यात एक आपली आहे!"

"टोपी मोजली त्या बाईनं. माझ्यावाणीच."

केंद्राच्या मोठ्या खोलीत करमाडची पोरं एका मागाभोवती बसलेली. त्यांच्या मधोमध, जवळजवळ मागाच्या खालीच शिरलेली प्रेरणा. विणकर रंगारंगाच्या छोट्या कांड्या धाग्यांतून ओवत होता. तनुजाताई हंबरडा फोडून धावल्या, तर पोरीनं मागं न बघता हात वर केला.

"थांब ना आई! मोराचा डोळा आत्ता येणारे!"

सत्यशीलाबाईंनी सोनियाला बघितलं, प्रेरणाला बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "पण अठ्ठावीस होते हो!" त्या म्हणत राहिल्या. सुदर्शन सर त्यांच्या शेजारी बसले. त्या क्षणी त्या बाईचं दुःख जगात फक्त त्यांनाच कळत होतं.

तनुजाताई लेकीला कवटाळून रडत होत्या. मंजुळाबाईनं पोरीची हनुवटी वर केली. "दात?"

प्रेरणानं मूठ उघडली. "मोराची मान झाली ना, तेव्हाच पडला."

तेव्हा कुठं बाईचं पोट भरलं.

सोमवारी ती श्रेया मॅडमच्या केबिनमध्ये गेली ती निरोप घ्यायच्या तयारीनंच. सुदर्शन सर होते. तनुजाताईही आलेल्या. मॅडमपुढं सहलीचा फॉर्म. त्यावर त्रेचाळीस, आणि दोन सह्या.

"मॅडम, मी आधी बोलते," मंजुळाबाई म्हणाली. "चूक माझी हाय. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला अन तोंड बघितलं नाय. असं माझ्याकडनं मेंढरातसुद्धा कधी झालं नाय. मला काढा. पण ठेवणार असलात तर परत मोजायला लावू नका. मोजून घ्यायचं असंल तर मला नोकरीच नको." मान ताठ. नोकरी जाताना लाचार व्हायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

"बाहेरची माणसं विचारतील, मावशी. आकडा कुठंय?"

तनुजाताईंनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी सर बोलले. "आकडा मी देईन." खाली बघत, पेनाशी चाळा करत. "मॅडम, आकडा लागतोच. तो खोटा नव्हता, अपुरा होता. मी मोजतो. बाईंनी बघावं. दोघांनी हो म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही."

"सर," मंजुळाबाई संशयानं म्हणाली, "हे तुमचं तुम्हाला सुचलं का कुणी सांगितलं?"

"माझं मलाच सुचलं!"

"नाय, इचारलं आपलं."

मॅडम हसू दाबत होत्या. त्यांनी कागद पुढं ओढला, काहीतरी लिहिलं आणि बाईकडं सरकवला. पक्क्या नोकरीचा कागद. मंजुळाबाईनं तो वरपासून खालपर्यंत अक्षर अक्षर लावून वाचला, मधल्या दोन शब्दांचा अर्थ विचारून घेतला आणि मगच सही केली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सुदर्शन सर बसमध्ये चढले आणि बोट नाचवत शेवटपर्यंत गेले. "त्रेचाळीस. चला फकिराभाऊ."

फकिराभाऊनं गाडी चालू केली आणि आरशात बघितलं. मंजुळाबाई दारात उभी होती. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरत होती, घाई नाही, ओठ मिटलेले. सरांनी घड्याळ बघितलं.

"काय झालं, बाई? कोण नाही?"

"हायत की सगळे."

"मग?"

"चौथ्या बाकावरचं लेकरू बघा. डोळे कसे झाल्यात. ताप भरतोय त्याला." ती आत निघाली. "अन सर, तुमचंपण काहीतरी बिनसलंय घरी. दोन दिवस झाले, डबा आणला नाय तुम्ही. काय झालं, सांगा की."

सर हातातल्या फॉर्मकडं बघत उभे राहिले. फकिराभाऊनं आरशातून एकदा सरांकडं, एकदा बाईकडं बघितलं आणि न सांगताच इंजिन बंद केलं.